पैलवानाची मालिश

गोपिकाबाईंनी उभा जन्म भोकरदनमधली बाळं न्हाऊमाखू घातली. आता त्यातली कित्येक बाळं मोटारसायकलवरून जाताना त्यांना पाहून हॉर्न वाजवतात. गोपिकाबाई ओळखतात ती मात्र डोक्यावरून. "ह्याचं डोकं चपटं व्हतं, म्याच गोल केलं," असं चारचौघांत सांगून मोकळ्या होतात.

मुलगा शिवशंकर रोज एसटीनं ये-जा करून जुन्या जालन्यातल्या कापडाच्या दुकानात कायम झाला, तेव्हा त्यानं आईला सांगितलं, "आता लोकांच्या मोऱ्यांत बसणं बस झालं. आराम कर." गुडघेही कुरकुरत होते, म्हणून गोपिकाबाईंनी ऐकलं. पण हातांना कोणी विचारलं नव्हतं. भाकरीचं पीठ त्या गरजेपेक्षा दुप्पट वेळ मळायच्या. संध्याकाळी मालिका बघताना मांडीवरची उशी चोळत बसायच्या.

"आई, ती उशी झोपली केव्हाची," शिवशंकर हसायचा.

शेजारी परमेश्वरचं घर होतं. त्याची मेंढरं. दिवाळी झाली की तो आणि त्याची बायको मेंढरं घेऊन जाफराबादकडं निघायचे आणि शेतं मोकळी असेपर्यंत फिरायचे. चौथीतली त्यांची मुलगी छकुली शाळेसाठी तिच्या आजीजवळ राहायची आणि अभ्यासाला गोपिकाबाईंच्या ओट्यावर यायची. तिच्या पाठोपाठ पैलवान यायचा.

पैलवान म्हणजे मेंढरांचा म्हातारा कुत्रा. एके काळी त्याच्या नुसत्या उभं राहण्यानं लांडगा रस्ता बदलायचा. आता उठायचं म्हटलं की आधी पुढचे पाय टेकवी, जरा विचार करी, मग मागचं अंग ओढून आणी.

एक दिवस छकुली वही न उघडताच बसून राहिली.

"आजी, औंदा बाबा पैलवानाला नेनार न्हाईत. म्हने वाटंतच बसतो. त्यो माघारी ऱ्हायला तर जेवतच न्हाई. मागं पायाला लागलं म्हनून बांधून ठेवल्ता, तर भाकरीला तोंड लावलं नव्हतं. मेंढरं आली तवा खाल्लं."

गोपिकाबाईंनी पैलवानाकडं पाहिलं. तो मागचा पाय लांब करून चाटत होता. त्यांनी हात पुसले, ओट्यावर भिंतीला टेकून दोन्ही पाय लांब केले.

"आन त्याला हिकडं. पैलवान हाय, मालिश तर पाह्यजेच."

पहिला दिवस फसला. तेल लावलं तर पैलवानानं ते सगळं चाटून टाकलं आणि आणखी मिळेल का म्हणून वाटीकडं पाहिलं. बाळाला देतात तशी ओव्याची धुरी दिली, तर तो शिंकत शिंकत गल्लीच्या टोकाला गेला. परत आणून मांडीवर घेतला, तेव्हा गोपिकाबाईंच्या बोटांनी सवयीनं त्याचं नाक चिमटीत धरून वर ओढलं. पैलवान त्यांच्याकडं असा बघायला लागला, जसा कोणी पाव्हणा अपमान झाल्यावर बघतो.

छकुली हसून आडवी झाली. "आजी, त्याचं लगीन करायचं न्हाई!"

शिवशंकर म्हणाला, "लोकांची बाळं सोडली, आता लोकांची कुत्री?" पण दुसऱ्या दिवशी तोच पैलवानाला जनावरांच्या डॉक्टरांकडं घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, वयामुळं सांधे आखडलेत. दुखलं तर गोळी द्या. हलक्या हातानं चोळा, शेका, पण कण्यावर दाब नको.

मग तेल गेलं, धुरी गेली. राहिले कोरडे हात आणि गरम ओव्याची पुरचुंडी. गोपिकाबाई चोळायच्या आणि छकुलीला शिकवायच्या.

"आधी हात त्याच्या नाकाशी धर. त्यानं वास घेतला, तोंड फिरवलं न्हाई, मंगच लाव. आता मांडीवरून खाली. तुला घाई हाय, त्याला न्हाई. कुठं कातडी थरथरली?"

"हितं."

"मंग तिथं दाबू नको. नुस्ता हात ठेव. हाताची ऊब जाऊ दे. पुरचुंडी आधी आपल्या गालाला लावून बघ, मंग त्याला."

छकुली शिकली. ओव्याच्या वासानं चहावाल्याची आंधळी कुत्रीही येऊन ओट्याखाली कुशीवर पडायला लागली. गोपिकाबाईंचं पीठ आता वेळेत मळून होऊ लागलं. पैलवान उठताना विचार करायचा, पण पहिल्याइतका नाही.

परमेश्वर हे सगळं बघत होता. निघायच्या आदल्या संध्याकाळी तो म्हणाला, "आत्या, सकाळी मेंढरं सुटली अन् ह्यो आपल्या पायानं केळना नदीच्या पुलापस्तोर आला, तर नेतो. बसला, तर छकुली त्याला घरी आनंल. अन् रडायचं न्हाई. कबूल?"

"कबूल," छकुली म्हणाली.

त्या सकाळी गोपिकाबाईंनी काहीच बाकी ठेवलं नाही. लवकर उठून शेक दिला. चारही पाय सावकाश चोळले. कोमट पाण्यानं आंघोळ घातली, कोरडं केलं आणि जुन्या लुगड्यात गुंडाळून पैलवानाला कोवळ्या उन्हात ठेवलं. एखादं बाळ असतं तर त्याची आई बघत राहिली असती.

आणि बाळ करतं तेच पैलवानानं केलं. तो गाढ झोपला.

मेंढरं सुटली. घंटा वाजल्या, कोकरं ओरडली, परमेश्वरनं शीळ घातली. पैलवानाचा एक कान हलला, तोही लुगड्याच्या आत. छकुलीनं त्याला गदागदा हलवलं. त्यानं घोरणं तेवढं बदललं.

गोपिकाबाईंनी कपाळावर हात मारला. "जन्मभर सांगत आले मी, न्हाऊ घातल्यावर लेकरू दुपारपस्तोर उठत न्हाई! आजच कशी इसरले?"

परमेश्वर आधी मोठ्यानं हसला. मग वाकून त्यानं पैलवानाच्या डोक्यावरून हात फिरवला. "निजू द्या, आत्या. लई चालला त्यो." आणि मान न वळवता निघून गेला.

छकुली रडली नाही. कबूल केलं होतं.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा पैलवान उठला. विचार न करता उठला. अंग ताणलं, मेंढरांच्या रिकाम्या वाड्यात गेला, जमीन हुंगली. गोपिकाबाई भाकरी आणायला आत वळल्या आणि बाहेर येऊन बघतात तर लुगडं होतं, पैलवान नव्हता.

छकुली शाळेतून आली ती दप्तर टाकून गल्लीगल्लीत ओरडत फिरली. गोपिकाबाई पुलापर्यंत जाऊन आल्या. रस्त्यावर एसटी, जीपा, ट्रक. त्या काठाकाठानं बघत होत्या आणि काही दिसू नये असंही म्हणत होत्या. दोघी ओट्यावर येऊन बसल्या. मध्ये लुगड्याची घडी.

दिवे लागायच्या वेळी फोन वाजला. व्हिडिओ कॉल होता. परमेश्वरचं पागोटं, मागं मेंढरं.

"आत्या, तुमचं बाळ आलंय!"

"कुठं? कसं?"

"आमच्या मुक्कामाला, आपल्या पायानं. आल्या आल्या बाजूला गेलेली दोन मेंढरं वळवली, मंग पानी पेला, मंग अख्खी भाकर खाल्ली. माझ्यावर पार चिडलाय, बघत बी न्हाई."

"लंगडून राह्यला का?"

"जरासा. आता ह्यो माझ्याम्होरं कुशीवर पडलाय अन् पाय वर करून ठेवलाय. काय करू म्या?"

छकुलीनं फोन ओढून घेतला. "बाबा, आधी पाय लांब करून बसा! तसं न्हाई, बराबर टेकून. आता हात त्याच्या नाकाशी धरा. घेतला वास?"

"घेतला."

"जल्दी न्हाई करायची. तुम्हाला घाई हाय, त्याला न्हाई."

एवढा मिशीवाला परमेश्वर निमूट पाय पसरून बसला. पैलवानानं सुस्कारा सोडला, तो इकडं ऐकू आला. छकुली सांगत होती, तो चोळत होता. गोपिकाबाई मागून नुसत्या बघत होत्या. त्यांना एकदाही बोलावं लागलं नाही.

ओट्याखाली काहीतरी हललं. चहावाल्याची आंधळी कुत्री सकाळपासून ताटकळली होती. गोपिकाबाईंनी भिंतीला पाठ लावली, पाय लांब केले आणि हात तिच्या नाकाशी नेला. मग एकदम आठवण होऊन फोनकडं वळल्या.

"अन् परमेश्वर, नाक तेवढं वढू नको रे त्याचं!"