झेंडूला धरणारा हातमोजा

मित्रांनो, माझा अंगठा उसवलेला आहे आणि तळव्यावर चोचीच्या खुणा आहेत. मी विकेटकीपरचा डाव्या हाताचा जुना मोजा. माझा जोडीदार कधीच हरवला.

मेरठच्या एका कारागिराने मला शिवलं. माधवीने चंद्रपूरच्या दुकानातून मला घेतलं, तेव्हा ती कॉलेजच्या संघात यष्टिरक्षण करायची. तिने झेल घेतला की मैत्रिणी आधी मलाच थोपटायच्या. पुढे ती नर्स झाली, लग्न होऊन वडशाला आली आणि मी सात वर्षं कपाटावरच्या खोक्यात पडून राहिलो.

मागच्या दिवाळीनंतर घरात झेंडू आली. सन कन्युअर जातीचा परदेशी पोपट. केशरी-पिवळी पिसं, म्हणून झेंडू. माधवीच्या दवाखान्यातल्या एका बाईंनी तिला पाळलं होतं. त्यांची बदली झाली आणि पिंजरा आमच्याकडे आला. पहिल्याच दिवशी तिने माधवीच्या बोटातून रक्त काढलं. दुसऱ्या दिवशी मला खोक्यातून बाहेर काढलं.

खोटं कशाला बोलू? मला फार आनंद झाला. घरभर उडणाऱ्या झेंडूला रोज संध्याकाळी पकडून पिंजऱ्यात घालायचं, हे माझं काम. ती कडकडून चावायची, मला दुखायचं नाही. पण मुठीत तिची छाती अशी धडधडायची की मी चपापायचो. चेंडूला काळीज नसतं. हे काहीतरी निराळंच होतं.

चावणं वाढत गेलं. ओरडण्याचं तर विचारूच नका. माधवी आंघोळीला गेली की झेंडू किंचाळायला लागायची. माधवी आतून "चूप!" म्हणून ओरडायची, की झेंडू दुप्पट.

एक दिवस शेजारच्या कमळाबाई दारात उभ्या राहिल्या. "माधवी, माह्या पोरीची बारावी हाय. थे पुस्तकं घेऊन मामाकडं राहाले गेली. असं कसं चालन?"

माधवीने मान खाली घातली. चिमूरला राहणाऱ्या, ओळखीतल्या प्रवीणला पाखरं पाळायची हौस होती. रविवारी तो झेंडूला घेऊन जाईल, असं ठरलं.

माधवीचे सासरे देवराव रेल्वेच्या फाटकावर गेटमन होते. आता दिवसभर घरीच असत. झेंडूकडे त्यांनी कधी नीट पाहिलं नव्हतं. ती जाणार म्हटल्यावर मात्र त्यांना काय वाटलं कोण जाणे, सोमवारी पिंजऱ्यासमोर खुर्ची टाकून बसले.

त्यांनी मला खिळ्यावरून काढलं. झेंडूच्या डोळ्यांतली बुबुळं लहानमोठी व्हायला लागली, पिसं अंगाला चिकटली. त्यांनी मला परत टांगलं. ती सैल झाली. पुन्हा काढलं. पुन्हा तेच.

"अस्सं!" देवराव म्हणाले. "तू आमाले नाई, याले भेतेस."

त्यांनी मला कपाटात ठेवलं. मित्रांनो, ज्या कामाचा मला एवढा अभिमान होता, त्यानेच ते पाखरू बिथरलं होतं.

पुढचं मी कपाटाच्या फटीतून पाहिलं. झेंडूला पकडणं बंद झालं. दाणे पिंजऱ्यात ठेवले की ती आपणहून आत जायची. देवराव उघड्या बोटांत सूर्यफुलाची बी धरून बसत. बुधवारी ती चावलीच. पण ते ओरडले नाहीत, हात झटकला नाही. तिला दांडीवर ठेवून घडीभर पाठ फिरवली, एवढंच. गुरुवारी तिने बी घेतली आणि बोट सोडलं.

ती किंचाळली की ते गप्प राहत. हलकेच बोलली की हळू शीळ घालत.

"मामाजी, तुमी शिट्टी काऊन वाजवून राह्यले?" माधवीने सासऱ्यांना विचारलं.

"इंजिन शिट्टी मारते थे भांडाले नाई ना बाई. रस्ता मोकळा हाय का, थे विचारते. हे बी विचारते, सारे कुठी गेले? मी सांगतो, इथीच हावो."

रविवारी प्रवीण आला. "चावते म्हणे? मोजा द्या."

माधवीने मला कपाटातून काढलं. मी दिसताच झेंडू अशी किंचाळली की कमळाबाई धावत आल्या.

"थांब," देवराव सुनेला म्हणाले. "मोजा ठेव. तुहा हात दे, उघडा."

"चावन ना, मामाजी!"

"चावन तं चावन. मले बी चावली."

माधवीने मला बाजूला ठेवलं. तिने उघडा हात पुढे केला. झेंडूने मान वाकडी करून तिचं बोट चोचीत धरलं. माधवीने श्वास रोखला, पण हात मागे घेतला नाही. चोच सुटली. एक पाय पुढे आला, मग दुसरा. झेंडू तिच्या मनगटावर चढून बसली.

माधवीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने प्रवीणकडे पाहिलं.

"मी चहा घेऊन निघतो, ताई," तो हसून म्हणाला.

झेंडू अजूनही सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं गलका करते. तिची जातच तशी. कमळाबाईंची मुलगी परत आली आहे. तेवढा वेळ ती पुस्तक मिटून अंगणात फिरते.

मित्रांनो, पाळलेलं पाखरू चावलं, ओरडलं, तर जाड मोजा शोधण्याआधी त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसा. ते कशाला भितं, कोणाला हाक मारतं, एवढं तरी बघा. कपाटात पडून राहण्याचं मला वाईट वाटतं का? थोडं वाटतं. पण माझ्याशिवाय माधवीचा हात किती हळुवार होतो, ते मी पाहिलं आहे.