यादीत राहिलेलं नाव

प्रवचनाच्या सहाव्या संध्याकाळी शाळेमागच्या मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. शिंपीणताईंनी सासूबाईंना हाताला धरून पुढच्या रांगेत खुर्चीवर बसवलं आणि स्वतः मागे कुंपणाला टेकून उभ्या राहिल्या. प्रवचनाची हौस त्यांना नव्हती. सासूबाईंचे गुडघे धरलेले, म्हणून आणायचं आणि न्यायचं, एवढंच.

प्रवचनकार परगावचे, पण बोलायचे गोड. पहिले तीन दिवस त्यांनी आईबाप, संसार, व्यसनं यांवर सांगितलं, तेव्हा बायकांनी डोळे पुसले. चौथ्या दिवशी गाडी खालच्या गल्लीकडे वळली. पुरात गाव गेलेली साठेक कुटुंबं दीड वर्षापूर्वी तिथे राहायला आली होती. त्यांची प्रार्थना वेगळी, बोलण्याची ढब वेगळी.

"ही वाळवी आहे," प्रवचनकार म्हणाले होते. "त्यांची पोरं तुमच्या लेकरांशेजारी बाकावर बसणार आहेत सोमवारपासून. चालेल तुम्हाला?"

ताईंच्या घराला लागून असलेल्या दुकानातल्या कपाटात, जुन्या पडद्यांच्या खाली, त्याच मुलांचे चौदा गणवेश शिवून ठेवलेले होते. दुपारी गिऱ्हाईक नसताना त्या दार लोटून शिवायच्या. कुणाला सांगितलं नव्हतं. सासूबाईंना तर नाहीच. म्हातारीला उगाच त्रास नको, असं त्या मनाला समजवायच्या; खरं तर त्यांना सगळ्या गावाचीच धास्ती होती. आपल्याखेरीज असं करणारं इथे कुणी नाही, याची त्यांना खात्री होती.

त्या सहाव्या संध्याकाळी प्रवचनकारांनी खिशातून कागद काढला.

"आज मी आपल्यातले फितूर दाखवणार आहे. नाव घेतल्यावर शेजाऱ्यांनी नीट बघून घ्यावं."

पहिलंच नाव ताईंचं. नाव, नवऱ्याचं नाव, दुकानाचा पत्ता, सगळं तपशीलवार. शेकडो माना मागे वळल्या. ताईंचे कान तापले, कुंपणाची तार हातात रुतली तरी कळलं नाही. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

पण कागद संपला नव्हता.

"बाजारातला बेकरीवाला. रोज पहाटे पाव पोचवतो त्यांना."

बेकरीवाला? जो सुट्या पैशांवरून अख्ख्या गल्लीशी भांडतो तो? ताईंनी मान वर केली.

"गणिताचे निवृत्त मास्तर. घरी बोलावून शिकवणी घेतात. दवाखान्यातली मोठी नर्स. चौकातला नळदुरुस्तीवाला..."

एकेक नाव येत होतं आणि ताईंच्या छातीवरचा दगड हलका होत होता. नर्सबाई त्यांच्याकडेच ब्लाउज शिवायला टाकत. दोघी तासन्‌तास हवापाण्याच्या गप्पा मारत, आणि दोघींनीही तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं! अकरा नावं झाली. अकरा घरं दीड वर्ष एकमेकांपासून लपून एकच काम करत होती आणि आज या भल्या माणसानं मैदानात माइकवरून त्यांची ओळख करून दिली होती.

प्रवचनकारांनी कागदाची घडी घातली. तेवढ्यात पुढच्या रांगेतली एक खुर्ची करकरली. खुर्चीच्या पाठीचा आधार घेत सासूबाई उभ्या राहात होत्या.

"माझं नाव राहिलं," त्या म्हणाल्या.

"आजी, बसा तुम्ही."

"बसते कशी? चौदा सदऱ्यांची काजं-बटणं मी केली. सुनेला वाटतं, मी दुपारी झोपते. ती बाजारात गेली की मी कपाट उघडते, तिची काजं उसवून पुन्हा घालते. हिची काजं कायम तिरकी येतात, पोरांना ती घालायला द्यायची कशी?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरं कुणीतरी. ताईंना एकाच वेळी रडू आणि हसू फुटलं. आपली काजं हल्ली बरी येतात, असं त्यांना महिनाभर वाटत होतं.

"आजी, तुमची बुद्धी भ्रष्ट झाली आहे," प्रवचनकार म्हणाले. आता आवाजातला गोडवा गेला होता. "तुम्ही इथून जा. आणि ज्यांना या बाई बरोबर वाटतात, त्यांनीही या क्षणी मैदान सोडावं!"

हेच त्यांचं चुकलं. तोवर बसून राहणं सोपं होतं. आता बसलं तर त्यांचं म्हणणं मान्य केल्यासारखं होणार होतं.

बेकरीवाला उठला. मास्तर उठले. ताई गर्दीतून वाट काढत पुढे गेल्या आणि सासूबाईंचा हात धरला.

"आई, मला सांगायचं तरी."

"तू सांगितलंस मला?"

दोघी सावकाश निघाल्या. मागून पावलांचा आवाज येत राहिला. फाटकाशी ताईंनी वळून पाहिलं, तर यादीत नसलेलीही कितीतरी माणसं चपला शोधत होती. सगळे उठले असं नाही. निम्म्याहून जास्त मैदान बसूनच होतं.

सकाळी दुकानाची काच फुटलेली सापडली. ताई काचा गोळा करत होत्या, तोच काचवाला माप घ्यायला हजर. त्याला बोलावलं कुणी नव्हतं. मग नर्सबाई आल्या, बेकरीवाला आला. दुकानात उभं राहायला जागा उरली नाही.

"त्या बाबाचे आभारच मानायला हवेत," बेकरीवाला म्हणाला.

"मुळीच नाही," मास्तर कडाडले. "त्यानं विष कालवलं. उठलो ते आपल्या पायांनी उठलो."

दारात खालच्या गल्लीतली एक बाई उभी होती; तिची दोन मुलं शाळेत जायची होती. ती शांतपणे म्हणाली, "दीड वर्ष तुम्ही सगळे आमच्याकडे मागच्या दारानं येत होतात. आम्हाला वाटायचं, तुम्हाला आमची लाज वाटते."

ताईंनी कपाट उघडलं, पडदे बाजूला सारले आणि सगळे गणवेश बाहेर, फुटक्या काचेच्या जागी, रस्त्यावरून दिसतील असे टांगले.

"लाज नाही, गावाची भीती वाटायची," त्या म्हणाल्या. "आता सोमवारी पुढच्या दारानं जाऊ."

सोमवारी चौदा मुलं शाळेकडे निघाली तेव्हा त्यांच्यासोबत पन्नासाच्या वर माणसं होती. रस्त्यावर काही दारं धाडकन बंद झाली, एका गच्चीवरून शिवी आली. कुणी थांबलं नाही. प्रवचनकार आदल्या दिवशीच, शेवटचं प्रवचन अर्ध्या मैदानापुढे आटपून, गाव सोडून गेले होते.

फाटकाशी मुख्याध्यापिका घाबरल्या चेहऱ्यानं उभ्या होत्या. मुलांना आत घेऊ नका, अशी पत्रं त्यांच्या टेबलावर साचली होती. त्यांनी रस्ताभर पसरलेली माणसं पाहिली, पदर सारखा केला आणि फाटक उघडलं.

"एवढी माणसं? हे जमवलं कुणी?" त्यांनी विचारलं.

सासूबाईंनी काठी बगलेत मारली, ताईंचा दंड धरून त्यांना पुढे ओढलं आणि सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ही माझी सून."