टोचणारा गालिचा

मला आता सगळे जुना गालिचा म्हणतात. खरं सांगायचं तर, मित्रांनो, मला विणून सहाच वर्षं झाली आहेत. पण काही वर्षं अंगावरून जातात आणि काही अंगात मुरतात. माझी मुरली आहेत, म्हणून मी जुना दिसतो.

माझा जन्म १९६३ च्या उन्हाळ्यात हिमालयाच्या कुशीतल्या एका छावणीत झाला. तिबेट सोडून आलेली माणसं तिथे राहत होती. पत्र्याच्या लांबलचक शेडमध्ये सात-आठ माग उभे होते आणि माझ्या मागावर यांगझोम नावाची बाई बसायची. पस्तिशीची असेल. बोलायची कमी, पण तिचे हात सारखे चालू असायचे. लोखंडी सळईभोवती लोकरीचे वेढे घालायचे, मग सळईवरून सुरी फिरवायची, की वेढे कापले जाऊन माझ्या अंगावर केस उभे राहायचे.

तिच्या शेजारी जमिनीवर एक जुना गालिचा पसरलेला असे. त्याच्यावर बुद्धिबळाच्या पटासारखे एकाआड एक लाल आणि निळे चौकोन होते. कडेला काटकोनात वळत जाणारी पट्टी होती. दोन ओळी विणून झाल्या की यांगझोम त्याच्याकडे वाकून बघायची, बोटाने चौकोन मोजायची आणि पुन्हा मागाला हात घालायची. म्हणजे मी त्याचीच नक्कल होतो. तो तिच्या आजीने विणलेला होता. त्याचा लाल रंग झाडाच्या मुळांचा होता, त्यामुळे तो विटला तरी गोड दिसायचा. माझा लाल डब्यातल्या पुडीचा. मी मागावरून उतरलो तेव्हा शेडमधल्या बायका कौतुकाने म्हणाल्या, की याच्यासमोर तो म्हातारा किती मळका दिसतो. मला ते फार आवडलं. नव्यांना असं बोलणं आवडतंच.

हिवाळा तोंडावर आला तशी यांगझोम आणि आणखी पाच-सहा जण लोकरीचे स्वेटर, मोजे आणि गालिचे यांची गाठोडी घेऊन आगगाडीने जयपूरला आले. स्टेशनाजवळच्या धर्मशाळेत त्यांनी एक खोली घेतली. बनी पार्क या वस्तीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, एका बंगल्याच्या भिंतीला लागून त्यांनी दुकान मांडलं. दोरीवर स्वेटर टांगले आणि खाली गालिच्यांची थप्पी रचली. मी सगळ्यांत वर होतो. यांगझोम मात्र बसायला तो जुना गालिचाच घ्यायची. तो विकायचा नव्हता.

डिसेंबरातल्या एका सकाळी एक नवरा-बायको आमच्यासमोर थांबली. बरोबर नऊ-दहा वर्षांची मुलगी होती. बाईंचं नाव रत्नप्रभा घाडगे. मूळच्या बार्शीच्या. नवरा आनंदराव फौजेत हवालदार. आदल्या वर्षी चीनशी झालेल्या लढाईत ते उत्तरेच्या पहाडात होते. तिथून आल्यावर त्यांना जयपूरच्या लष्करी छावणीत भांडाराचं बसून करण्याचं काम दिलं होतं. हातात काठी होती आणि पायांत मोठ्या मापाचे कापडी बूट.

"अहो, हा बघा," रत्नप्रभाबाई माझ्यावर हात ठेवून म्हणाल्या. "चौकोनांचा आहे. फुलांपेक्षा मला हाच बरा वाटतोय. काढा जरा बूट, उभे राहून बघा."

"इथं रस्त्यात?"

"त्याला काय होतंय? पाय तुमचे आहेत, फरशी बर्फासारखी लागते म्हणून रोज तुम्हीच म्हणता."

आनंदरावांनी भिंतीला टेकून बूट काढले. आत कापूस भरलेला होता. तो काढल्यावर दिसलं की त्यांच्या पायांना बोटंच नव्हती. पुढचा भाग गोलसर, गुलाबी, नव्या पातळ कातडीचा. त्यांनी हळूच माझ्यावर पाय टेकवला आणि लगेच उचलला.

"टोचतोय," ते म्हणाले. "बाभळीच्या काट्यांवर उभं राहिल्यासारखं वाटतंय."

मित्रांनो, तोवर मला कोणी वाईट म्हटलं नव्हतं. माझ्या अंगाचे केस ताठ होते हे मला माहीत होतं, पण तो माझा रुबाब आहे असं मी समजत होतो. तोल सावरायला आनंदरावांनी पाय बाजूला टेकला, तो नेमका यांगझोमच्या जुन्या गालिच्यावर पडला. आणि तो पाय तिथेच राहिला. मग दुसराही तिथे गेला. कितीतरी दिवसांनी माणूस नीट उभा राहावा तसे ते उभे राहिले. काठी त्यांनी भिंतीला टेकवून ठेवली.

"हा द्या ना," रत्नप्रभाबाई यांगझोमला म्हणाल्या. मग हिंदीत म्हणाल्या, "बहनजी, ये वाला दीजिए."

"वो नहीं," यांगझोम म्हणाली. "वो पिताजी का है."

आनंदराव लगेच खाली उतरले. "चल," ते बायकोला म्हणाले. "उगाच तिला पेचात टाकू नकोस. आपल्याकडे घोंगडी आहे ती चालेल." ते बूट घालायला वाकले.

यांगझोम त्यांच्या पायांकडे बघत होती. लोक बघून नजर वळवतात तशी तिने वळवली नाही. "बर्फ?" तिने विचारलं.

"बर्फ," आनंदराव म्हणाले.

"मेरा पिताजी भी. उधर से आते टाइम." तिने स्वतःच्या पावलांवरून हाताची कड फिरवून दाखवली. खिंड ओलांडताना तिच्या म्हाताऱ्या बापाचे पाय गेले होते. छावणीत तो पुढे दीड वर्ष जगला, पण त्या पायांना चटई सोसायची नाही आणि कांबळंही नाही. शेवटपर्यंत तो ह्याच गालिच्यावर बसून राहिला होता. हे सगळं तिने मोडक्या हिंदीत चार-पाच वाक्यांत सांगितलं आणि ती उठून उभी राहिली. जुना गालिचा तिने झटकला, गुंडाळला आणि रत्नप्रभाबाईंच्या हातांत दिला.

"बेचती नहीं," ती म्हणाली. "सर्दी तक बैठने को देती है. फागुन में हम वापस जाएगा, तब देना."

आनंदराव नको नको म्हणत राहिले. शेवटी त्यांची मुलगी अलका म्हणाली, "बाबा, घ्या ना. हम वापस कर देंगे, मतलब, करूच ना आपण." तेव्हा कुठे ते कबूल झाले.

ते गेल्यावर यांगझोमच्या सोबत्यांनी तिला वेड्यात काढलं. फौजेतली माणसं, आज इथे तर उद्या कुठे, आजीचा गालिचा पुन्हा दिसायचा नाही, असं ते तिला सांगत होते. तिने थप्पीवरून मला काढलं, जमिनीवर पसरलं आणि माझ्यावर बसली.

मला फार अपमान वाटला. मी विकायचा माल होतो, कुणाच्या तरी दिवाणखान्यात जाणार होतो. आता धुळीत पडलो होतो. रोज सकाळपासून दिवेलागणीपर्यंत ती माझ्यावर बसायची. कधी मांडी घालून, कधी पाय पसरून. उठताना तळहाताने माझे केस एकाच बाजूला बसवायची. चहा सांडला तर ओल्या फडक्याने पुसायची, पण उन्हात कधी वाळत घातलं नाही. सावलीत घालायची.

शाळा सुटली की अलका आमच्याकडे यायची. तिचं मराठी अर्धं हिंदीत भिजलेलं. तिच्याकडूनच मला जुन्याची खबर लागे. "आज बाबा इस कोने से उस कोने तक चालले. बिना काठी." दुसऱ्या दिवशी म्हणायची, "आई चौकोन मोजते आणि बाबा प्रत्येकावर एक पाय ठेवतात. पडले नाहीत. एकदा पडले." यांगझोम ऐकून मान डोलवायची आणि "हळू, हळू" म्हणायची. हा शब्द ती अलकाच्या आईकडून शिकली होती.

फाल्गुनात ठरल्या दिवशी रत्नप्रभाबाई गालिचा घेऊन आल्या. कडुलिंबाचा पाला घालून, धुतलेल्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेला. बरोबर डबाभर शेंगदाण्याची चटणी. सोबत्यांची तोंडं बंद झाली. त्या उन्हाळ्यात पहाडातल्या छावणीत म्हातारा गालिचा आणि मी एकावर एक पडून होतो. त्याच्या अंगाला औषधाच्या तेलाचा वास येत होता. त्याने बनी पार्कातल्या घाडग्यांच्या दोन खोल्यांचं इतकं वर्णन केलं, की मला त्याचा हेवा वाटू लागला.

पुढच्या हिवाळ्यात पुन्हा तेच. तो घाडग्यांकडे आणि मी रस्त्यावर. एक दिवस मोटारीतून एक बाई उतरल्या. त्यांना नव्या बैठकीसाठी साधे, रेघाचौकोनांचे गालिचे हवे होते. थप्पीतले सगळे बघून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे बोट केलं. मला वाटलं, सुटलो एकदाचा.

"ये नहीं," यांगझोम म्हणाली.

"क्यों? इसमें कोई ख़राबी है?"

"नहीं. पर ये नहीं."

बाई गेल्या. मी समजलो की मी आता मळलो, माझ्यात दाखवण्यासारखं काही उरलं नाही. तिसरा हिवाळा मी फारसा विचार न करता काढला. माझा भडक लाल उतरला. केस कधी ताठ होते हेही मी विसरून गेलो.

त्या तिसऱ्या वर्षी, १९६६ च्या फाल्गुनात, ठरल्या दिवशी गालिचा आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. अलकाही तीन दिवसांत फिरकली नव्हती. यांगझोम मला काखेत घेऊन बनी पार्कात गेली. घाडग्यांच्या दाराला कुलूप होतं. शेजारच्या नंदकिशोर शर्मांनी गॅलरीतून सांगितलं, "मराठी लोग? वो तो सामान बाँध रहे थे. शायद तबादला हो गया."

आम्ही परत आलो. सोबत्यांनी काही म्हटलं नाही, आणि तेच तिला जास्त लागलं असावं. संध्याकाळच्या गाडीने सगळे निघाले. यांगझोम म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे." रिकाम्या भिंतीशी ती एकटी माझ्यावर बसून राहिली. तिचा भार मला ओळखीचा होता. त्या दिवशी तो वेगळा लागला. तिने मुळीच हालचाल केली नाही. तो म्हातारा गालिचा ही आईबापांच्या घरातली तिच्याजवळ उरलेली एकच वस्तू होती, मित्रांनो.

दुसऱ्या दिवशी दुपारी रस्त्याच्या टोकाला आनंदराव दिसले. काठी नव्हती. खांद्यावर गालिचा होता, आणि ते थोडे डुलत पण न थांबता चालत येत होते. मागून रत्नप्रभाबाई आणि अलका जवळजवळ पळत होत्या.

"उशीर झाला, बहनजी," ते धापा टाकत म्हणाले. "मला तपासणीसाठी फौजी इस्पितळात ठेवून घेतलं होतं. ही आणि अलकापण तिथेच. तिथली फरशी गार म्हणून हा बरोबर नेला होता. आज सोडलं, तसा सरळ इकडे आलो." थोडं थांबून म्हणाले, "नोकरी संपली. आम्ही बार्शीला, आमच्या गावी चाललोय. आता परत भेट व्हायची नाही."

यांगझोमने म्हाताऱ्या गालिच्याला दोन्ही हातांनी घेतलं आणि कपाळाला लावलं. मग ती माझ्यावरून उठली. "जूता निकालो," ती आनंदरावांना म्हणाली. "इस पर खड़ा हो जाओ."

त्यांनी रत्नप्रभाबाईंकडे बघितलं. त्यांना मी आठवत असणार. तरी त्यांनी बूट काढले आणि अंग चोरून, भीत भीत, एक पाय माझ्यावर ठेवला. मग दुसरा. मी वाट बघत होतो की आता उचलतील.

"टोचत नाही," ते म्हणाले.

"तीन सर्दी बैठी है मैं," यांगझोम म्हणाली. "पहले दिन से आपका है. नया था, इसलिए नहीं दिया."

रत्नप्रभाबाई तिथेच माझ्या कडेला खाली बसल्या आणि त्यांनी डोळ्यांना पदर लावला. आनंदराव बराच वेळ उभेच होते. अलकाने यांगझोमचा पत्ता वहीच्या पानावर हिंदीत लिहून घेतला. त्या दिवशी म्हातारा उत्तरेला गेला आणि मी दक्षिणेला. आमची पुन्हा गाठ पडली नाही.

आता मी बार्शीत आहे. सकाळी आनंदराव उठून पहिला पाय टेकवतात तो माझ्यावर. अलका दिवाळीला यांगझोमला छावणीत पत्र पाठवते आणि उत्तर चैत्रात येतं, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. गेल्या महिन्यात शेजारच्या वासंतीताई घरासाठी गालिचा घ्यायला निघाल्या होत्या. जुना घ्यावा की नवा, कोणत्या नक्षीचा, असं त्या विचारायला आल्या. आनंदराव म्हणाले, "कोणताही घ्या. पण चपला काढून आधी त्याच्यावर उभे राहा. आणि घेतलात की गुंडाळून माळ्यावर ठेवू नका, बसा त्याच्यावर."

मित्रांनो, माझंही तुम्हाला तेवढंच सांगणं आहे. आम्हाला झटका, सावलीत वाळवा, कसर लागू देऊ नका. पण त्याहून जास्त म्हणजे आम्हाला वापरा. घरात नवा गालिचा आला आणि पहिल्या दिवशी टोचला, तर त्याला लगेच परत पाठवू नका. त्याच्यावर कोणीतरी थोडे दिवस बसायला हवं असतं. आणि एखाद्याकडे फार मऊ, फार जुना गालिचा दिसला, तर त्याच्यावर कोण कोण बसून गेलं ते विचारा. सांगणारं माणूस घरात आहे तोवर विचारा.