अकरा प्रश्नांचा कंटाळा

घरात एखादं माणूस अंथरुणाला खिळलं की त्या घराला एक नवीन शब्द शिकावा लागतो. जिन्यात शेजारी भेटतात, "कसं काय?" विचारतात आणि आपण म्हणतो, "चाललंय." विचारणाऱ्याला हायसं वाटतं, सांगणाऱ्याची सुटका होते. वाचकहो, तुम्ही-आम्ही सगळेच हे बोलतो. त्याची किंमत एका घराने कशी मोजली, ते आज सांगायचं आहे. सांगताना मला राग येणार आहे, तेवढा सांभाळून घ्या.

त्या घरात एक थोरली आणि एक धाकटा. धाकटा दूरदेशी असतो. तिथून तो पैसे आणि सल्ले पाठवतो, त्यातले सल्ले जरा जास्तच नियमित येतात. बाकी सगळा भार थोरलीवर. दवाखान्यांना सामान पुरवणाऱ्या एका कोठाराची ती भांडारप्रमुख. बँडेज, चादरी, सुया, कुबड्या, सगळं तिच्या बोटांवर. ज्या वस्तूला तीन महिने मागणी आली नाही, तिचा साठा कमी करायचा, हा तिथला नियम तिनेच घालून दिलेला. लहानपणापासून घरात तिला 'ऑडिटर' म्हणत, यातच सगळं आलं.

तिचे बाबा चौतीस वर्षं बस चालवत होते. धिप्पाड माणूस. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. आईला हाक मारायची तर कशी? धाकट्याने फोनवरून तीन महागड्या घंट्या सुचवल्या. शेवटी आईनेच जुन्या सायकलचा रबरी भोंगा पलंगाच्या दांडीला बांधला. डाव्या हाताने बाबा तो दाबत. 'पाँ' झालं की आई हातातलं टाकून जाई. "जन्मभर गाडी चालवली, आता मला चालवतात," असं ती हसत म्हणायची.

सरकारी योजनेतून बाबांना महिन्याला साठ तासांची घरसेवा मंजूर झाली. रोज दोन तास सेविका मावशी येणार, त्यांना अंघोळ घालणार, उठवून बसवणार, कूस बदलणार. निधीचा आणि तासांचा सगळा हिशेब मोबाइलच्या ॲपवर. आईला ॲपचं काही कळत नसे, म्हणून ते थोरलीच्या फोनवर होतं. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची, आईबाबांकडे रविवारी जायची. पण ॲपवरची हिरवी पट्टी रोज पाहायची. हिरवी पट्टी म्हणजे शिल्लक तास. पट्टी लांब दिसली की ऑडिटरला समाधान वाटे.

आणि पट्टी लांबच लांब होत चालली होती, कारण आई मावशींना अधूनमधून "उद्या नका येऊ" म्हणू लागली होती. थोरलीनेही एकदा म्हटलं होतं, "वाचतील तेवढे वाचव गं. पुढे वाईट दिवस आले तर हाताशी असतील." थेंबे थेंबे तळे साचे, हे तिला आईनेच शिकवलेलं. आता ती आईला शिकवत होती.

महिनाअखेरीला ॲप विचारायचं, अमुक तारखेला सेविका का आली नाही? खाली दोन खुणा. एक, 'घरातील व्यक्तीने सेवा दिली'. ती दाबली की अकरा प्रश्नांचा तक्ता उघडायचा, प्रत्येक दिवसाला एक. दुसरी, 'गरज नव्हती'. ती दाबली की काम झालं.

थोरली दुपारच्या सुट्टीत कोठारातून फोन लावायची.

"आई, मंगळवारी मावशी नाही आल्या?"

"मीच नको म्हटलं. कशाला उगाच? गरज नव्हती."

"आणि गुरुवारी?"

"गुरुवारी पण नव्हती. तू जेवलीस का?"

मंगळवार, दाबलं. गुरुवार, दाबलं. आईनेच तर सांगितलं होतं! पहिल्या महिन्यात चौदा दिवस, दुसऱ्यात सोळा, तिसऱ्यात अठरा. पाच मिनिटांत महिना निकालात निघे आणि थोरली डबा उघडे.

चौथ्या महिन्याच्या एक तारखेला फोन टुणकन वाजला. 'आपल्या प्रत्यक्ष वापरानुसार गरजेचा फेरआढावा घेण्यात आला आहे. मंजूर तास: चोवीस.' साठाचे चोवीस! आणि हिरवी पट्टी कुठे गेली? शहाण्णव तास साचवले होते, तिथे शून्य होतं.

थोरलीने रजा टाकली आणि योजनेचं ऑफिस गाठलं. दीड तास रांगेत उभी राहिली. खिडकीतले गृहस्थ वयस्कर होते, आवाज चढवणारे नव्हते.

"काहीतरी चूक झालीये," ती म्हणाली. "माझ्या वडिलांना कूस बदलायलासुद्धा माणूस लागतं हो."

गृहस्थांनी संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. "तीन महिन्यांत अठ्ठेचाळीस वेळा 'गरज नव्हती'. ताई, हे आम्ही नाही लिहिलेलं."

"पण ते तसं नव्हतं."

"मग कसं होतं?"

त्यांनी कुत्सितपणे विचारलं नव्हतं, खरंच विचारलं होतं. थोरलीने तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं, की आपल्याला माहीत नाही. त्या अठ्ठेचाळीस दिवशी बाबांना कुणी उठवलं, कसं उठवलं, तिने एकदाही विचारलं नव्हतं.

"तीन महिने तेवढी मागणी नाही, म्हणून कमी केलं," गृहस्थ म्हणाले. "नियम आहे."

हा नियम तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आपणच हात दाखवून अवलक्षण केलं होतं!

"आणि शिल्लक तास?"

"ते साठत नाहीत. तिमाही संपली की संपले. ॲपच्या पहिल्याच पानावर लिहिलंय." मग जरा खाली वाकून ते म्हणाले, "माझ्या हातात काही नाही हो. या खुर्चीला फक्त बघता येतं, बदलता येत नाही. फेरविचाराचा अर्ज करा. अकरा प्रश्न आहेत. नव्वद दिवसांत उत्तर येतं."

"आणि तोवर?"

गृहस्थांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. "तोवर घरातलं माणूस आहेच ना," ते म्हणाले.

ती तिथून थेट आईकडे गेली. कामाचा दिवस, दुपारची वेळ, न सांगता. दार नुसतं लोटलेलं होतं. आत भोंगा वाजत होता, आणि जे दिसलं ते तिने एकाही रविवारी पाहिलं नव्हतं.

बाबा घसरत घसरत पलंगाच्या पायथ्याशी आले होते. आईने त्यांच्या काखेखालून चादर घेऊन तिची गाठ मारली होती. स्वतः उशाकडे उभी राहून, एक पाय भिंतीला लावून ती त्यांना वर ओढत होती. सत्तरीची बाई आणि ऐंशी किलोंचं माणूस. चार बोटं वर यायचे, ती थांबायची, धापा टाकायची, पुन्हा ओढायची. तिच्या कमरेला रुंद पट्टा होता, डॉक्टर देतात तसला. थोरली आधी बाबांना दिसली. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"अगं, तू आज कशी?" आई दचकली. "सांगून नाही का यायचं?" आणि सगळ्यात आधी तिने काय केलं असेल? पट्टा सोडला आणि उशीखाली सरकवला.

थोरलीने चादरीचं दुसरं टोक धरलं. दोघींनी मिळून बाबांना वर घेतलं. तेवढ्याने तिच्या पाठीत कळ आली. आई मात्र त्यांच्या तोंडावरचा घाम पुसत म्हणाली, "झालं. एवढंच तर असतं."

"दिवसातून किती वेळा?"

"कोण मोजत बसतंय?"

चार वाजता मावशी आल्या. आता त्या आठवड्यातून तीनच दिवस येणार होत्या. थोरली त्यांच्यामागोमाग स्वयंपाकघरात गेली आणि तिचा सगळा राग तिथे बाहेर पडला. "मावशी, तुम्हाला हे सगळं दिसत होतं. तुम्ही मला एक फोन नाही करायचा?"

मावशी बादलीत गरम पाणी ओतत होत्या. त्यांनी पातेलं खाली ठेवलं.

"ज्या दिवशी मी येत नाही, त्या दिवसाचे पैसे मला मिळत नाहीत, ताई. मी फोन केला असता तर तुम्ही काय म्हणाला असता? बाईला पैशाची पडलीये. खरं सांगा."

थोरली तेच म्हणाली असती.

"आजींना मी सांगून थकले. त्या म्हणायच्या, लेक तास साठवतेय, मी मोडू कसे? तुम्ही तास साठवले, त्यांनी ते स्वतःच्या पाठीवर घेतले. काम थांबलं का एक दिवस तरी? माणूस रोज उठतं, रोज जेवतं, रोज त्याची चादर बदलावी लागते. मी नाही केलं तर कुणीतरी केलंच ना? त्या कुणीतरीचं नाव तुमच्या मोबाइलमध्ये कुठे आहे?"

"मला वाटलं, आई सांभाळतेय..."

"सांभाळतात हो! म्हणून तर कुणाला दिसत नाही. बायकांचं हेच असतं, झाकली मूठ सव्वा लाखाची. पण अशी मूठ घेऊन सरकारच्या दारात गेलं की सरकार म्हणतं, रिकामी दिसतेय. त्यात सरकारची चूक आहेच. त्यांनी एकदा घरी माणूस पाठवून बघायला काय हरकत होती? पण तुम्ही तर घरचंच माणूस होतात, ताई."

थोरलीच्या डोळ्यांत पाणी आलं. "आता मी माझ्या खिशातून पैसे दिले तर रोज याल?"

मावशींनी मान हलवली. "त्या दिवसांना मला दुसरं घर दिलंय. तिथे एकटी म्हातारी आहे. तिला कुणी म्हणजे कुणी नाही. तिला कशी सोडू?" बादली उचलून त्या बाबांच्या खोलीत गेल्या.

दोष कुणाला द्यायचा? दोष पुढ्यात मांडून तो वाटून घेतला तरी बाबांचं वजन एक किलोने कमी होणार नव्हतं. थोरलीने पहिल्यांदाच हिशेब न करता नुसतं रडून घेतलं.

मग तोंड धुऊन ती आईला घेऊन टेबलाशी बसली. मावशी निघून गेल्या होत्या, बाबा अंघोळ करून पडले होते. थोरलीने फेरविचाराचा अर्ज उघडला. तेच अकरा प्रश्न, ज्यांचा तिला कंटाळा होता.

"सेवा देणाऱ्या व्यक्तीचं नातं?"

"बायको," आई म्हणाली आणि लाजली.

"वय?"

"तुला माहीत नाही?"

"आहे गं. पुढचा. दिवसातून किती वेळा उचलावं किंवा वर घ्यावं लागतं?"

"दोन-तीनदा."

"आई."

आई बोटांवर मोजू लागली. सकाळी, नाश्त्याला, औषधाला... बोटं संपली, दुसरा हात घेतला. "नऊ," ती म्हणाली आणि स्वतःच चकित झाली. "रात्रीचे धरले तर बारा. अगंबाई, इतके होतात?"

एकेक प्रश्न सरत गेला. किती तास झोप मिळते? शेवटचं घराबाहेर कधी पडलात? या प्रश्नावर आईने बराच विचार केला आणि उत्तर न सापडून म्हणाली, "ते मोकळं सोड." थोरलीने मोकळं सोडलं नाही. 'आठवत नाही' असं लिहिलं.

अकरावा प्रश्न होता, 'सेवा देणाऱ्या व्यक्तीला स्वतःला काही त्रास किंवा मदतीची गरज आहे का?'

"नाही," आई लगेच म्हणाली. "मला कसली गरज?"

थोरलीचं बोट 'नाही'वर गेलं. सवयच ती! मग तिने फोन उपडा ठेवला. तेवढ्यात आतून भोंगा वाजला. आई नेहमीसारखी उठायला गेली, टेबलाला दोन्ही हात लावले, अर्धी उठली आणि तशीच थांबली. तिचा चेहरा पांढरा पडला. ती हळूच परत खुर्चीत बसली.

"तू जा," आई म्हणाली. आणि मग खूप हळू म्हणाली, "मला नाही उठवत गं. हल्ली दुपारनंतर उठवतच नाही. लिही, हो म्हणून."

थोरलीने 'हो' लिहिलं आणि बाबांकडे धावली.

वाचकहो, इथे मी तुम्हाला सांगू शकले असते की अर्ज मंजूर झाला, साठ तास परत आले. नाही आले. 'आपला अर्ज प्राप्त झाला आहे,' एवढा निरोप आला. आज एकेचाळिसावा दिवस आहे. थोरलीने बिनपगारी रजा घेऊन आठवड्याचे तीन दिवस आईकडे काढायला सुरुवात केली आहे, आणि हे किती दिवस जमेल, तिलाच ठाऊक नाही. आईचा पट्टा आता उशीखाली नसतो, कमरेलाच असतो. पाठ मात्र सुधारलेली नाही. डॉक्टर म्हणाले, फार उशिरा आलात.

बदललं ते इतकंच. परवा कोठारात कुबडीच्या तळाला लावायच्या लहान रबरांचा साठा शून्य करायचा कागद सहीला आला. तीन महिने मागणी नव्हती. थोरलीने सही केली नाही, दवाखान्यात फोन लावला. तिथली परिचारिका म्हणाली, "मागून मागून थकलो, मॅडम. वेळेवर येतच नाहीत, म्हणून मागणंच सोडून दिलं. पोरं कुबडीला चिंध्या बांधून चालतात."

मागणी नाही म्हणजे गरज नाही, असं समजणारं ऑफिस असो, ॲप असो की पोटची लेक असो, ते सारखंच आंधळं. कागदावरचा आकडा खोटा नसतो, पण तो कुणाच्या पाठीवर उभा आहे, हे बघायला उठून जावं लागतं. आणि जी बाई वर्षानुवर्षं 'गरज नव्हती' म्हणते, तिला आपण गप्प राहायलाच शिकवलेलं असतं. तुमच्या घरातही अशी एक असेल. आज तिला पुन्हा विचारा. ती "मला काही नको" म्हणेल, तेव्हा फोन खाली ठेवू नका. उठा, आणि न सांगता जा.