तिसरं कोटेशन

खोकी बनवणाऱ्या ताई सात वर्षं एका कारखान्याला जीव तोडून भाव कळवत होत्या. ऑर्डर मात्र दरवर्षी तिथल्या खरेदी बघणाऱ्या साहेबांच्या मेव्हण्यालाच जायची.

यंदा साहेबांचा घाईघाईत फोन आला. "ताई, मेव्हण्याचा ट्रक गेटवर उभाय. नियमाला तीन कोटेशनं लागतात, तुमचं तेवढं राहिलंय. भाव चढाच लिहा, हं!"

म्हणजे सात वर्षं आपण नुसत्या भरतीला होतो! ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आत्ता पाठवते की," त्या गोड आवाजात म्हणाल्या.

त्यांनी नेहमीचाच रास्त भाव लिहिला आणि कोटेशन थेट मालकांना पाठवलं. खाली लिहिलं, "तुमचे खरेदीचे साहेब भाव चढा लिहा म्हणाले, ते काही मला जमलं नाही. ऑर्डर निघायच्या आधीच गेटवर आलेला ट्रक कोणाचा, तेवढं त्यांना विचारा."