आधी ब्रेक

कालिंदीनं शेवटचा बोल्ट आवळला, पाना बाजूला टाकला आणि गाडीखालून सरपटत बाहेर येऊन ती थेट स्टिअरिंगमागे बसली. स्टार्टर दाबताच इंजिन एकदा खोकलं, मग गुळगुळीत आवाजात चालू लागलं. बागबाजारच्या त्या अरुंद गल्लीत खिडक्या उघडल्या. समोरचे हरेनबाबू वर्तमानपत्र हातात घेऊनच ओट्यावरून उठले.

“दारुण, मा! दारुण!”

बंगालीतलं हे कौतुक. इतकी वर्षं कलकत्त्यात काढूनही सुनीतीबाईंच्या मराठी कानांना ते अजून दचकवत असे. लेकीचा तेलानं काळवंडलेला चेहरा पाहून मात्र त्या दारातच हसल्या.

गाडी चौतीस सालची. तिचं मूळ इंजिन तडकलं होतं. हे नवं, ट्रकखाली चेपलेल्या दोन वर्षांच्या गाडीतून काढलेलं, बापलेकींनी मल्लिकबाजारातून, मोडीतल्या गाड्यांच्या बाजारातून, आणलं होतं. बारासतपलीकडच्या गावांतले दवाखाने डॉक्टर म्हणून कालिंदीकडे यायचे होते. पण डॉक्टरची स्वतःची गाडी हवी, ही दवाखाने चालवणाऱ्या समितीची अट होती.

तिच्या वडिलांनी, श्यामरावांनी, खिडकीतून हात घालून इंजिन बंद केलं आणि किल्ली खिशात टाकली. ते गार्डन रीचच्या जहाजांच्या कारखान्यात इंजिनिअर होते.

“चालते, हे कळलं,” ते म्हणाले. “थांबते का?”

“अप्पा, आजवर थांबतच होती ना?”

“जुन्या इंजिनाच्या ताकदीला. हे दुप्पट ओढतं. त्याला तारेचे ब्रेक पुरायचे नाहीत.”

“पहिल्या तारखेला रुजू व्हायचंय, ती तोंडावर आलीय. समिती दुसरा डॉक्टर बघेल.”

“बघू दे.”

कालिंदीनं दार आपटलं.  दुसऱ्या दिवशी सकाळी श्यामराव अंगणात आले, तेव्हा तिनं जॅक लावून पुढचं चाक उतरवलेलं होतं.

ते दुसऱ्या चाकाशी जाऊन बसले.

त्या चेपलेल्या गाडीचेच तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक त्यांनी आणले. नव्या इंजिनाचं वजन पेलावं म्हणून सांगाड्याला जाड पट्ट्या जोडून घेतल्या. ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायला तिसरं माणूस लागलं, तेव्हा सुनीतीबाईंना स्वयंपाकघरातून ओढून आणलं. नऊवारी सावरत त्या सीटवर बसल्या.

“दाब, आई. धरून ठेव. आता सोड.”

“अगं, आमटी उतू जाईल!”

“जाऊ दे. पुन्हा दाब.”

महिन्याच्या शेवटच्या दिवशी, रविवारी, उजाडता उजाडता, दोघं टाला पुलावर गेले. कालिंदी चालवत होती. पहिल्यांदा ब्रेक दाबला, तर गाडी डावीकडे ओढली.

“बाजूला घे,” श्यामराव म्हणाले.

रस्त्याच्या कडेला चाक उतरवून तिनं ब्रेक पुन्हा जुळवला. आता गाडी सरळ थांबली.

“आता वेगात.”

ती उतारावरून सुसाट निघाली. इंजिन नुसतं मोकळं झाल्यासारखं गात होतं. इतक्यात माठांनी भरलेली हातगाडी पुलाच्या पायथ्याच्या गल्लीतून आडवी आली. कालिंदीचा पाय पेडलवर गेला. चारही चाकांनी एकदम जमीन धरली आणि गाडी नाकासमोर, जागच्या जागी उभी राहिली.

हातगाडीवाला ओरडला. मग मधलं अंतर पाहून त्यानं हातगाडी पुढे ढकलली; एकही माठ हलला नव्हता.

कालिंदीनं स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. वर पाहिलं, तर अप्पा खाली उतरले होते.

“कुठे निघालात?”

“ट्राम मिळेल मला.”

“पण अजून तपासायचं...”

“झालं तपासून.” त्यांनी दार लावलं. “बारासतचा रस्ता बघून ये. उद्या चाचपडायला नको.”

“एकटी?”

शेजारी अप्पा नसताना तिनं आजवर गाडी चालवली नव्हती. ते उत्तर द्यायला थांबलेच नाहीत. तिनं त्यांची पाठमोरी आकृती क्षणभर पाहिली, गिअर टाकला आणि हॉर्न वाजवला. कारण नसताना, दोनदा.

श्यामराव एकटेच परतलेले पाहून सुनीतीबाईंचा चेहरा उतरला.

“गाडी कुठाय? कालिंदी?”

“पुढे गेली,” ते म्हणाले, आणि हात न धुताच पायरीवर बसून मोठ्यानं हसू लागले.