दोन वाट्या खीर

“आमच्या घरची खीर खाल्ली तर बाटशील का रे नाथा?” मी विचारलं. तेही जेवणाच्या सुट्टीत, सगळं ऑफिस डबे उघडून बसलेलं असताना.

नाथाचा घास हातातच राहिला. बारा वर्षं आम्ही नाशिक रोडच्या त्या ऑफिसात टेबलाला टेबल लावून कारकुनी केलेली. तो सिन्नरकडच्या खेड्यातला मराठा शेतकरी, रोज एसटीनं ये-जा करणारा. मी इथल्याच बौद्ध वसाहतीतला. दर बुद्धपौर्णिमेला संध्याकाळी तो घरी यायचा, आईच्या पाया पडायचा, आणि तिनं पुढं केलेली खीर तशीच ठेवायचा. “पोट बरं नाय, मावशी,” एवढंच म्हणायचा.

माझी आई भागीबाई, लोकांच्या मळ्यात खुरपणी करून, तिथं प्यायलेली कपबशी आपणच विसळून ठेवत म्हातारी झालेली. ती एकदा म्हणाली, “हापिसात तुझ्यासंगं च्या पितो ना त्यो? ताकबी पितो? मंग आपल्याच घरात कसं त्याचं पोट बिघडतं? मला नको शिकवू महेश, लय बघितलेत असले.” ते माझ्या डोक्यात बसलं. खोटं कशाला बोलू, मला ते खरं मानायचंच होतं.

नाथा त्या दिवशी डबा बंद करून उठला. पण यंदाच्या पौर्णिमेला आला आणि एक नाही, दोन वाट्या खीर खाल्ली. दुसरी वाटी पुसून आईसमोर धरली. “झालं का मावशी समाधान?” आई हरखली. मला तर लढाई जिंकल्यासारखं वाटलं. कसली लढाई अन् कसलं काय.

त्यानंतर आठ दिवस नाथा कामावर आला नाही. फोन केला तर त्याच्या मुलीनं, सायलीनं उचलला.

“काका, पप्पांना दूध पचत नाही. डॉक्टर म्हणाले, दुधातली साखर पचवायला जे लागतं ते त्यांच्या आतड्यात कमी तयार होतं. चहातलं थोडं दूध चालतं, ताकही सोसतं. वाट्याच्या वाट्या खीर नाही. त्या दिवशी घाटात पोटात कळ आली. ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली, पण तोवर उशीर झाला होता. सगळी गावचीच माणसं होती गाडीत.”

“त्यानं आधी कधी सांगितलं का नाही?”

“त्यांना तरी कुठं नेमकं माहीत होतं? दुधाचं खाल्लं की पळापळ होते, एवढंच. ते लोकांच्या घरी कसं सांगायचं, म्हणून लाजायचे.”

लाज त्याला वाटत होती, आणि निर्लज्ज मी होतो.

रविवारी आईला घेऊन त्याच्या गावी गेलो. त्याच्या बायकोनं आम्हाला ओसरीवर बसवून चहा दिला. नाथा समोर बसला, पण माझ्याकडे बघेना. मी म्हणालो, “चुकलं रे माझं.”

“तू विचारलं असतं तर सांगितलं असतं,” तो म्हणाला. “तू विचारलं नाय, चारचौघांत सुनावलं. आता मी गावात दिसलो का पोरं नाक धरत्यात. बारा वर्षांत तुला मी तसला वाटलो व्हय?”

हो, वाटला होता. पण ते तोंडानं कसं म्हणणार?

आईच म्हणाली, “पुढल्या पौर्णिमेला ये बाबा. तुझ्यासाठी बिनदुधाचं येगळं करीन.”

“नको मावशी. माझ्यापायी येगळं काय करू नका.” आवाज मऊच होता, पण त्यात पुन्हा येण्याची गोष्ट नव्हती.

आईनं चहा संपवला. मग कपबशी उचलून अंगणातल्या नळाखाली विसळली आणि ओसरीच्या कडेला पालथी घातली. तिला तसं कुणी सांगितलं नव्हतं. नाथाची बायको “अहो, राहू द्या” म्हणत धावत आली, तोवर आई चपला पायात घालत होती.